पाच दिवसांत तंबूतला मुक्काम आणि जवळचं शहर, दोन्ही कसं जमवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी पाच दिवस, चार रात्री. गाडीने एका बाजूचा रस्ता सहा तासांचा. तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. तंबूत राहायची हौस आहे आणि तिथून पाऊण तासावरच्या शहरातली संग्रहालयं, जुना भाग, बाजार हेही बघायचंय. म्हणून पहिली रात्र तंबू, दुसरी हॉटेल, तिसरी तंबू, चौथी हॉटेल असा बेत आखलाय, आणि विचारताय की सामान काय काय न्यावं.

सामानाबद्दल पुढे लिहितेच. पण तुमची खरी अडचण सामानाची नाही, आलटून-पालटून राहण्याची आहे. हा बेत कागदावर छान दिसतो आणि प्रत्यक्षात दोन्हीकडचा वेळ खातो.

हिशेब करून बघा. फारसा सराव नसलेल्या कुटुंबाला जागा ठरवणं, तंबू उभारणं, अंथरुणं घालणं, स्वयंपाकाची मांडणी करणं यात दीड तास सहज जातो. सकाळी नाश्ता, भांडी, तंबूवरचं दव वाळण्याची वाट, घड्या आणि गाडी भरणं यात अडीच तास. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामाला उजेडातले चार तास. असं दोनदा केलं की आठ तास, म्हणजे शहरातला एक पूर्ण दिवस गेला. त्यात हॉटेलच्या वेळा मिळवा. खोली सकाळी अकराच्या सुमारास सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. मधल्या वेळात तंबू, स्टोव्ह, गाद्या भरलेली गाडी अनोळखी शहरात कुठेतरी उभी करून तुम्ही फिरणार. चोरी, उन्हात तापलेलं सामान, वितळलेला बर्फ या सगळ्या तक्रारी बहुतेक याच तीन-चार तासांतल्या असतात.

म्हणून माझा नियम एकच: एका सहलीत तंबू एकदाच लावायचा आणि एकदाच काढायचा. यातून दोन मार्ग निघतात. एक, सगळ्या रात्री तंबूत आणि शहर दिवसाउजेडी बघून परत. दुसरा, आधी सलग काही रात्री तंबूत आणि शेवटी शहरात मुक्काम.

यातला कोणता घ्यावा हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. शहरात तुम्हाला संध्याकाळनंतरचं काही बघायचं असेल, नाटक, रोषणाई, रात्रीचा बाजार, तर पहिला मार्ग सोडा. अंधारात, दमलेल्या अवस्थेत, मागच्या सीटवर झोपलेलं मूल घेऊन आडरस्त्याने तंबूकडे परतणं धोक्याचं आहे. शिवाय राखणदार असलेल्या बऱ्याच कॅम्पिंगच्या जागांचं फाटक रात्री ठरावीक वेळेला बंद होतं आणि दहानंतर आवाज चालत नाही. उलट जागा अगदी मोकळी, कोणीच नसलेली असेल, तर दिवसभर तंबू सोडून शहरात जाणं मला पसंत नाही. तिथे दुसरा मार्गच बरा. तिसरी गोष्ट म्हणजे अंतर, आणि ते किलोमीटरमध्ये मोजू नका. नकाशात सकाळी साडेआठला निघण्याची आणि संध्याकाळी साडेपाचला परतण्याची वेळ घालून बघा. रविवारी दुपारी पाऊण तास दाखवणारा रस्ता कामाच्या दिवशी दीड तासाचा होऊ शकतो. येऊन-जाऊन दोन तासांच्या वर जात असेल तर रोजची ये-जा करू नका.

तुमच्या बाबतीत मी दोन्हींचा मेळ घालेन: तीन रात्री तंबू, शेवटची एक रात्र शहर. पहिला दिवस प्रवास आणि तंबू. दुसरा दिवस पूर्ण तंबूपाशीच. तिसऱ्या दिवशी गाडी रिकामी करून शहरात आणि अंधाराआधी परत. चौथ्या दिवशी सकाळी आरामात आवरून दुपारी शहरात, तिथेच मुक्काम. पाचव्या दिवशी सकाळचे दोन-तीन तास शहर आणि बाराच्या आत घरच्या रस्त्याला.

दुसरा दिवस शहरासाठी का नाही, हा प्रश्न येईल. नवीन जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते. झोपेच्या प्रयोगशाळांमध्येही हा परिणाम इतका ठळक दिसतो की पहिल्या रात्रीच्या नोंदी अनेकदा वेगळ्या काढल्या जातात. तंबूत त्यात जमीन कडक, आवाज अनोळखी, पहाटे पाचला उजेड. अशा झोपेनंतर अनोळखी शहराच्या गर्दीत गाडी चालवायची आणि मुलीला तीन संग्रहालयं दाखवायची, हे कोणाच्याच भल्याचं नाही. दुसरा दिवस हवामानाचा राखीव दिवसही असतो. त्या दिवशी दिवसभर पावसाचा अंदाज असेल तर दुसरा आणि तिसरा दिवस खुशाल बदला, कारण पावसाळी दिवस संग्रहालयात काढलेला चांगला. फक्त शहरात फिरण्याचा दिवस आठवड्याचा कोणता येतो ते बघा. जगभर अनेक संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि तो बहुतेक वेळा सोमवार असतो. शनिवार-रविवार कॅम्पिंगच्या जागा भरलेल्या असतात, तेव्हा जमलं तर सहल आठवड्याच्या मधून सुरू करा.

आता तंबू. तुम्ही 'तीन माणसांचा' घेतलाय असं लिहिलंय. तो आकडा उत्पादक कसा काढतात हे माहीत असू द्या: पन्नास-साठ सेंटिमीटर रुंदीच्या मॅट शेजारी शेजारी किती बसतात, एवढंच. पिशव्या, कुस बदलणं, ओल्या भिंतीपासून अंतर यांचा त्यात विचार नसतो. एका रात्रीला तीन माणसं त्यात झोपतील, तीन रात्री कुरकुरतील. बदलून मिळत असेल तर चार माणसांचा घ्या. नसेल तर पिशव्या रात्री गाडीत ठेवायच्या आणि आत फक्त अंथरूण.

पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये दिलेली असते. वरच्या आवरणाला, म्हणजे फ्लायला, १५०० मि.मी. साध्या पावसाला पुरतं. जमिनीच्या कापडाला ३००० किंवा अधिक हवं, कारण गुडघा किंवा कोपर टेकला की त्या एका जागी दाब कितीतरी वाढतो. तंबूखाली ताडपत्री घालायची असेल तर ती तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी बोटभर लहान ठेवा. बाहेर डोकावणारी ताडपत्री पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या खाली नेते. तंबू गळतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत मी आधी ताडपत्रीच बघते.

दुसरी तक्रार आतल्या ओलीची. झोपेत एक माणूस श्वास आणि त्वचेवाटे पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. तिघांचं मिळून पाऊण लिटर. खिडक्या आणि झडपा बंद केल्या की ते फ्लायच्या आतून थेंब होऊन बसतं आणि सकाळी पाऊस आत आला असं वाटतं. थंडी वाजली तरी वरच्या झडपा उघड्या ठेवा आणि ऊब अंथरुणातून मिळवा.

थंडीवरून आठवलं, शहराचा हवामान अंदाज बघून अंथरूण ठरवू नका. ही चूक फार होते, कारण फोनवर नाव शहराचंच टाकलं जातं. रात्री शहराची दगडमाती ऊब धरून ठेवते, तर मोकळ्या माळावर काही अंश कमीच असतं. तंबूची जागा उंचावर असेल तर दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश वजा करा. दरीच्या तळाशी शांत, निरभ्र रात्री थंड हवा खाली उतरून साचते, म्हणून उतारावरची थोडी वरची जागा बहुधा अधिक उबदार असते. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, आरामाचा आणि मर्यादेचा. तुम्ही आरामाचा आकडा धरा. मर्यादेचा आकडा म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निघेल ते तापमान. आणि बॅगेइतकीच मॅट महत्त्वाची. अंगाखाली बॅगेतलं भरण दबून निकामी होतं, जमिनीची थंडी अडवते ती मॅट. मॅटची उष्णता रोखण्याची क्षमता 'आर' आकड्यात देतात: उबदार ऋतूत दोनच्या आसपास पुरतं, रात्री पाच अंशांच्या खाली जात असतील तर चार हवं. मुलीलाही मोठ्यांसारखीच मॅट द्या, पातळ चटई नको.

जागा निवडताना बेताप्रमाणे विचार करा. सकाळी लवकर ऊन येणारी, पूर्वेला मोकळी जागा चौथ्या दिवशी उपयोगी पडते, तंबू तास-दीड तास लवकर वाळतो. पण दुपारी सावली मिळेल असंही बघा, कारण नायलॉनचं कापड कडक उन्हात दिवसेंदिवस उभं राहिलं की कमकुवत होतं. सावली मात्र वाळलेल्या फांदीखालची नको आणि नाल्याच्या कोरड्या पात्रात तर मुळीच नको. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि पाणी इथे येतं.

तुमच्या बेतातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे तिसरा दिवस, तंबू सोडून जाण्याचा. त्याबद्दल थोडं सविस्तर.

तंबूला कुलूप लावू नका. कापड आहे ते, चाकूने फाटतं, आणि कुलूप म्हणजे आत काहीतरी आहे अशी पाटीच. आत अंथरूण आणि जुने कपडे एवढंच राहू द्या. कागदपत्रं, पैसे, कॅमेरा, औषधं अंगावर. चेन पूर्ण बंद करून दोन्ही सरकपट्ट्या एकत्र वरच्या बाजूला आणा, म्हणजे कुत्री-मांजरं, माकडं नाक घालून चेन उघडणार नाहीत. खाण्याचा एक कणही आत नको, दात घासायची पेस्टसुद्धा नको. वासाने प्राणी येतात आणि दाराने येत नाहीत, कापड फाडून येतात. खाद्यपदार्थांचा डबा गाडीतून सोबत न्या, किंवा जागेवर बंद कपाटाची सोय असेल तर तिथे ठेवा.

स्लीपिंग बॅगा गुंडाळून मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मॅटवर, तंबूच्या मधोमध ठेवा. तंबूत पाणी शिरलंच तर कडेने शिरतं. बाहेरची सावलीची ताडपत्री, खुर्च्या, वाळत घातलेले कपडे सगळं उतरवून आत घ्या. वारा तंबूपेक्षा त्या ताडपत्रीलाच आधी पकडतो, आणि ती ज्या दोरीला बांधली असेल ती तंबूचीच असली तर तंबूही जातो. निघण्याआधी सगळ्या दोऱ्या लावा, एरवी मंद वाऱ्यात न लावलेल्यासुद्धा. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे दोरी आणि खुंटी यांत काटकोन होतो. नायलॉन भिजलं की सैल पडतं, त्यामुळे पावसानंतर दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. आदल्या संध्याकाळी ताणलेल्या दोरीवर सकाळी भरवसा ठेवू नका. तंबूबरोबर मिळणाऱ्या तारेसारख्या बारीक खुंट्या भुसभुशीत मातीत कामाच्या नाहीत. वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या जाड आठ-दहा खुंट्या वेगळ्या घ्या.

आणि वाऱ्याचा इशारा असेल, ताशी चाळीस किलोमीटरच्या वर झोत येतील असा, तर तंबू उभा ठेवून जाऊच नका. तेव्हा काठ्या काढायच्या, कापड जमिनीवर आडवं पडू द्यायचं, खुंट्या तशाच ठेवायच्या आणि कडांवर वजन ठेवायचं. संध्याकाळी येऊन दहा मिनिटांत पुन्हा उभा होतो. काठ्या मोडल्या तर त्या रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न त्या दहा मिनिटांपेक्षा फार मोठा आहे. जाताना राखणदाराला किंवा शेजारच्या तंबूवाल्यांना परतायची वेळ आणि फोन नंबर द्या. शेजाऱ्यांची सरळ नजर कुलपापेक्षा भारी.

आता गाडी. तिसऱ्या दिवशी ती रिकामी आहे, म्हणून तिथे चिंता नाही. चौथ्या दिवशी ती भरलेली असेल. काचेच्या वर काही दिसू नये अशा बेताने सगळं डिकीत आणि सीटच्या खाली बसवा, आणि हे तंबूपाशीच करा. पार्किंगमध्ये पोचल्यावर डिकी उघडून सामान सरकवत बसलात की बघणाऱ्याला सगळी माहिती मिळते. शक्य असेल तर थेट हॉटेलच्या पार्किंगमध्ये जा, खोली मिळायला वेळ असला तरी गाडी तिथे उभी करता येते का हे आधी फोन करून विचारून ठेवा. शहराच्या मध्यभागी गाडी नेऊच नये असं माझं मत आहे. कडेच्या रेल्वे किंवा मेट्रो स्टेशनाजवळ गाडी लावून पुढे सार्वजनिक वाहनाने जाणं बहुतेक मोठ्या शहरांत जलदही पडतं आणि स्वस्तही. काही शहरांत मध्यभागी शिरायला वेगळं शुल्क किंवा परवाना लागतो आणि कॅमेरे नंबरपट्टी टिपतात. दंडाचा कागद घरी येतो तेव्हाच ते कळतं. निघण्याआधी त्या शहराच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

टपावर कॅरिअर किंवा पेटी लावणार असाल तर सामानासकट जमिनीपासून वरच्या टोकापर्यंतची उंची मोजा आणि चिठ्ठीवर लिहून चालकासमोर चिकटवा. इमारतींतल्या, तळघरातल्या पार्किंगची कमान अनेकदा दोन मीटरच्या आसपास असते. साधी गाडी सहज जाते, पेटीवाली अडकते, आणि मागे पाच गाड्या हॉर्न वाजवत असताना उलटं निघावं लागतं. टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते, बऱ्याच लहान गाड्यांना पन्नास ते पंचाहत्तर किलो, आणि कॅरिअर व पेटीचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं. जड वस्तू वर ठेवू नका. पाण्याचे डबे, स्टोव्ह, भांडी मागच्या सीटला टेकून खाली. वर फक्त मॅट आणि बॅगा. टायरमध्ये हवा पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरा. तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो, रिकाम्या गाडीपेक्षा जास्त असतो, आणि टायर थंड असताना मोजायचा.

भरण्याचा क्रम असा ठेवा की पोचल्यावर पाऊस असला तरी चालेल: तंबू, ताडपत्री, खुंट्या, हातोडी सगळ्यांत शेवटी आत, म्हणजे सगळ्यांत आधी हाताशी. कॅम्पिंगचं सामान दोन-तीन खोक्यांत. शहरासाठी प्रत्येकाची एक छोटी पिशवी, त्यात धुतलेले कपडे, वेगळे बूट, आणि ही पिशवी घट्ट बंद, कारण शेकोटीचा धूर कपड्यांत मुरतो आणि जात नाही. चौथ्या दिवशी हॉटेलात फक्त या तीन पिशव्या वर न्यायच्या. खोकी शहरात उघडायची वेळ आली तर भरताना काहीतरी चुकलं म्हणायचं.

उन्हात उभ्या गाडीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. बाहेर तीस अंश असताना बंद गाडीतलं तापमान तासाभरात पन्नासच्या वर जाऊ शकतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. स्टोव्हच्या गॅसच्या डब्यांवर पन्नास अंशांच्या वर ठेवू नये असं बहुधा लिहिलेलंच असतं. म्हणून चौथ्या दिवशी गॅस जवळजवळ संपलेला असेल अशा हिशेबाने न्या, आणि उरलेला डबा सावलीतल्या पार्किंगमध्येच, इतर सामानाखाली ठेवा. एक लिटर पाणी उकळायला साधारण बारा ते पंधरा ग्रॅम गॅस लागतो. तिघांचा दोन वेळचा साधा स्वयंपाक धरून दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम, तीन दिवसांना २३० ग्रॅमचा एक डबा कसाबसा पुरतो, म्हणून जोडीला एक लहान डबा घ्या. थंडीत साध्या ब्यूटेनचा डबा दगा देतो, शून्याच्या जवळ त्याचा वायूच होत नाही. प्रोपेन किंवा आयसोब्यूटेनचं मिश्रण असलेला घ्या. पॉवर बँकही तापत्या गाडीत सोडू नका. आणि मूल गाडीत पाच मिनिटंसुद्धा नाही.

स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही, पावसातही नाही, दाराच्या पडवीतही नाही. ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी आत घेणं तर जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जागही येत नाही.

पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्याला आणि स्वयंपाकाला, धुण्याचं वेगळं. तुमचं दिवसाचं पंधरा लिटर. ते घरून सहा तास वाहून नेऊ नका, वीस लिटर म्हणजे वीस किलो. रिकामा डबा न्या आणि मुक्कामाच्या जवळ भरा, पिण्याजोगं पाणी तिथे आहे का हे मात्र आधी विचारा.

खाण्याचा बेत शहराच्या दिवसाप्रमाणे आखा. बर्फाची पेटी तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खरी थंड राहील असं धरू नका. नाशवंत पदार्थ पाच अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिले की टाकायचे, कडक उन्हाळ्यात तासाभरातच. म्हणून दूध, अंडी, मांस असं काही पहिल्या दोन दिवसांत संपवा; तिसऱ्या दिवसापासून फक्त कोरडं आणि डबाबंद. दुपारचं जेवण शहरातच होईल. पेटी घरीच आदल्या रात्री बर्फ घालून गार करा, खड्यांऐवजी मोठी लादी किंवा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या वापरा. लादी हळू वितळते आणि बाटल्यांचं पाणी नंतर प्यायला होतं. गाडीच्या सॉकेटवर चालणारी विजेची पेटी असेल तर ती इंजिन चालू असतानाच. ती चार अँपिअर ओढत असेल तर आठ तासांत बत्तीस अँपिअर-तास गेले, आणि लहान गाडीची बॅटरी पंचेचाळीसच्या आसपास असते. सकाळी गाडी सुरू होणार नाही.

एवढं धरून घड्याळ लावायचं तर: पहिल्या दिवशी सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोचायचं, म्हणजे सहा तासांचा रस्ता आणि दर दोन तासांनी थांबे धरून घरून पहाटेच निघायचं. तिसऱ्या दिवशी साडेआठच्या गर्दीत न अडकता एकतर सातला किंवा साडेनऊनंतर निघा आणि परतीची वेळ सूर्यास्तावरून उलटी मोजा. चौथ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या आधी स्लीपिंग बॅगा बाहेर पसरा, फ्लाय झटका आणि उन्हात उलटा टाका, मग नाश्ता. या क्रमाने नाश्ता होईपर्यंत बहुतेक वाळतं.

नाहीच वाळलं, किंवा त्या सकाळी पाऊसच असला, तर फ्लाय वेगळा करून स्वतंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कोरड्या आतल्या तंबूबरोबर गुंडाळू नका. एरवी ओला तंबू दीड-दोन दिवस बंद राहिला की बुरशी धरतो आणि कापडावरचा लेप पुढे चिकट होऊन सोलवटतो. तुम्हाला शहरातल्या मुक्कामाचा इथे फायदा आहे: खोली घेताना बाल्कनी किंवा मोठं न्हाणीघर असलेली मागा. चिखल लागलेला तळ तंबूपाशीच पुसून घ्या, हॉटेलच्या टॉवेलने नव्हे. सोबत सहा मीटर दोरी आणि दहा-बारा चिमटे असू द्या. रात्रभर पंख्याखाली किंवा न्हाणीघरात पसरलेला फ्लाय सकाळी घडी घालण्याइतका कोरडा होतो. खुंट्यांची मोजणी मात्र चौथ्या दिवशी जागेवरच करा. एक हमखास गवतात राहते, आणि ती नंतर कोणाच्या तरी पायात जाते.

निघण्याच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी तंबू कुठल्याही मोकळ्या जागेत तिघांनी मिळून उभारून बघा आणि वेळ मोजा. पाऊण तासाच्या वर लागला तर दुसऱ्यांदा उभारा. शहरातली खोली रद्द करता येईल अशा अटीवर घ्या. पहिल्या दोन दिवसांत मुसळधार पावसाचा किंवा वादळाचा इशारा असेल तर क्रम उलटा करा, आधी शहर आणि मग तंबू, आणि तसं झालं तर ओला तंबू घरी आल्या दिवशीच पसरून ठेवा.